घडी मोडणाऱ्या बाई

बाईंच्या घरात कात्री नव्हती. विळी होती, अडकित्ता होता, भाजीची सुरी होती, पण कात्री म्हणून जी वस्तू असते ती त्यांनी आयुष्यात विकत घेतली नाही. दोरा दाताने तोडायच्या, पाकीट चहाच्या वाफेवर धरून उघडायच्या आणि दुधाची पिशवी घेऊन रोज सकाळी आमच्या दारात उभ्या राहायच्या. "जरा कोपरा काप गं," असं आईला सांगायच्या आणि स्वतः तोंड फिरवून गॅलरीतून खाली बघत बसायच्या. भाजीच्या सुरीने का नाही कापत, असं आईने एकदा विचारलं. "सुरी भाजीची आहे," बाई म्हणाल्या. आई पुढची कित्येक वर्षं पिशव्या कापत राहिली.

आम्ही गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि बाई आमच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. शाळेतही त्या डोक्यावर होत्याच, कारण मी ज्या मुलींच्या शाळेत जायचे तिथे त्या चित्रकला शिकवायच्या. शाळेत त्यांना घडीबाई म्हणत. एकदा कोणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवलं. आता कोणाची तरी धडगत नाही म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. बाई आल्या, वाचलं, "ओळ उजवीकडे उतरलीय," म्हणाल्या आणि त्याच्याच खाली तारीख घालून शिकवायला लागल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "कापलं की वस्तू कमी होते. दुमडली की जेवढी होती तेवढीच राहते आणि वर आणखी काहीतरी होते. मग कापायची एवढी घाई कशाला?" मी आज पुठ्ठ्याच्या खोक्यांचं डिझाइन करते, मिठाईची, अगरबत्तीची, औषधांची खोकी. म्हणजे घडीवरच पोट भरते म्हणायला हरकत नाही. पण खोकं दुमडण्याआधी पुठ्ठा कापावा लागतो, आणि ही गोष्ट मी बाईंना शेवटपर्यंत सरळ सांगितली नाही.

पाचवीतला चित्रकलेचा पहिला तास मला अजून आठवतो. वही नाही, पेन्सिल नाही. "उद्या प्रत्येकीने घरून एक पोळी आणा," असा हुकूम झाला होता. ज्यांच्या घरी भाकरी होते त्यांनी भाकरी आणायची. दुसऱ्या दिवशी चाळीस मुली बाकांवर पोळ्या मांडून बसलेल्या. बाई वर्गभर फिरल्या आणि एकेकीची पोळी पदरापदराने सुटी करून दाखवायला लागल्या. एकीच्या घरी दोनदा दुमडून त्रिकोणी घडी घालत, एकीची आजी गुंडाळी करून पुन्हा लाटायची. परळहून येणाऱ्या एका मुलीने भाकरी आणली होती आणि ती बिचारी भाकरी डब्याबाहेर काढायलाच तयार नव्हती. बाईंनी ती हातात घेतली, वर धरली. "हिला घडीच नाही," त्या म्हणाल्या. "थापली आणि झाली. घडी म्हणजे काय ते कळायला बिनघडीचं काय असतं तेही बघायला लागतं. ही आजची सगळ्यात महत्त्वाची वस्तू." मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि विचारलं, "चटणी कुठेय?" त्या मुलीने पुढे पाच वर्षं बाईंसाठी चटणी आणली.

चित्रकलेच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि मुलींना अजून पेला काढता येत नाही अशी तक्रार मुख्याध्यापिकांकडे गेली. बाईंनी उत्तर दिलं की पेल्याला सुरकुती पडत नाही, त्यामुळे त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. त्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली नापास झाल्या हेही सांगायला हवं. बाई माणूस मोठ्या होत्या, पण त्यांच्या हाताखाली परीक्षा पास होणं हे ज्याचं त्याने बघायचं होतं.

त्यांच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती आणि त्यात कपडे नव्हते, उलगडलेले कागद होते. देवळातल्या अंगाऱ्याच्या पुड्या, ठाकूरद्वारच्या म्हाताऱ्या वैद्यांच्या औषधाच्या पुड्या, वाण्याकडच्या हिंगाच्या, चौपाटीवरच्या शेंगदाण्यांच्या. वस्तू संपली की बाई कागद सपाट करून जपून ठेवत. त्यावरच्या रेघा बघून कागद कुठला ते त्या सांगू शकत. मी हा खेळ त्यांच्याशी पुष्कळ खेळले. मी डोळे झाकून एक कागद काढायचा, त्यांनी तो खिडकीशी धरायचा. "वैद्यबुवा. पण हे बुवांनी बांधलेलं नाही, त्यांच्या सुनेने बांधलंय. बुवा खालचा कोपरा आधी घेतात." मी एकदा खाली जाऊन खात्री करून आले. त्या आठवड्यात वैद्यबुवा आजारी होते आणि दुकानावर सून बसत होती. "घडी घालणारा निघून जातो," बाई म्हणायच्या, "पण त्याचा हात कागदावर राहतो. वाचणारा पाहिजे."

गणपती जवळ आले की बाईंचं आईशी वाजायचं, कारण मोदक. आईचे मोदक चांगले होत. बाई एकेका मोदकाच्या कळ्या मोजत आणि मगच खात. एक वर्ष आईचा हात दुखत होता म्हणून तिने साचा आणला. बाईंनी ताटलीतला मोदक फिरवून फिरवून बघितला आणि ताटली बाजूला ठेवली. "ह्याच्यावर कळ्यांचं चित्र आहे," त्या म्हणाल्या, "कळ्या नाहीत." आई म्हणाली, "बाई, पोटात गेल्यावर काय फरक पडतो?" बाई म्हणाल्या, "पोटात काय, ज्वारीचं कणीसही जाईल." दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी आईने दुखऱ्या हाताने पाच मोदक वळले आणि वर पाठवले. पुढे महिनाभर तिच्या हाताला बाईच तेल लावत होत्या.

लालबागला एका मूर्तीच्या कारखान्यात त्या आम्हा चार-पाच मुलींना दर वर्षी घेऊन जात. एका वर्षी तिथे गणपतीची मोठी बैठी मूर्ती चालली होती. बाईंनी दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मूर्तिकाराला विचारलं, "हा बसलाय की उभा आहे?"

"बसलोहा," तो म्हणाला. मालवणकडचा माणूस, अंगभर माती.

"मग निऱ्या उभ्या माणसाच्या का आहेत? बसल्यावर त्या मांडीवर येऊन पसरायला हव्यात. हे धोतर अजून उभंच आहे."

मूर्तिकार हसला. "बाई, ह्यो देव आसा. देवाचा धोतर कसा पडता ता कोणी बघल्यान हा?"

बाईंनी तिथलीच एक चादर झटकली, आपल्या साडीवरून धोतरासारखी कमरेला गुंडाळली, निऱ्या घातल्या आणि मातीच्या पिंपावर पाय दुमडून बसल्या. डोळे मिटले, एक हात वर. कारखाना थांबला. आम्ही मुली लाजेने अर्धमेल्या. मूर्तिकार मात्र हसायचा थांबला आणि खाली वाकून त्या चादरीकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने पाण्यात हात बुडवला आणि मूर्तीच्या मांडीवरची माती काढायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्याचा निरोप आला, "बाईंका सांगा, रंग लावच्या आधी येवन बघून जावा."

संग्रहालयात त्यांनी मला एकटीला नेलं होतं, तेव्हा मी कॉलेजात होते. दोन दगडी मूर्ती. एकीच्या अंगावर चुण्याच चुण्या, दुसरीच्या अंगावर एकही नाही, फक्त घोट्यापाशी एक बारीक कड. बाई म्हणाल्या, "दोन्ही कपडे घातलेल्या आहेत. पहिल्या शिल्पकाराने कापड किती आहे ते दाखवलं. दुसऱ्याने आत माणूस आहे ते दाखवलं." इतकंच. मग आम्ही बाहेर येऊन सरबत प्यालो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाई घडीबाई होत्या त्या केवळ शाळेपुरत्या नव्हत्या.

आपल्याकडे नवी साडी घेतली की ती आपण लगेच नेसत नाही. आपल्या एखाद्या माणसाला देतो, ती एकदा नेसते, घडी मोडते, आणि मग आपण नेसतो. बहीण, जाऊ, जिवाभावाची मैत्रीण. हे कोणी सुरू केलं कोणास ठाऊक. बाईंना यात फार मोठं काहीतरी दिसायचं. "नव्या वस्तूचा पहिला दिवस दुसऱ्याला देऊन टाकायचा," त्या म्हणायच्या, "याच्याहून सुंदर डिझाइन मला कोणी दाखवावं."

आमच्या चाळीत साडी आली की ती सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावर जायची. बाईंकडून घडी मोडली की साडी टिकते, असा समज होता. त्याचं कारणही होतं. बाकीच्या बायका साडी पाच मिनिटं अंगाला लावून परत देतात. बाई ती दिवसभर नेसायच्या. शाळेत जायच्या, भाजी आणायच्या, खडूची धूळ झटकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी धुवायची असेल तर धुऊन, नसेल तर वाऱ्यावर टाकून, नव्या रेषेवर घडी घालून परत. दुकानाची घडी त्या पुन्हा कधी घालत नसत. दुकानदाराची घडी दुकानाच्या फळीसाठी असते, तिच्यावर तुमचं रेशीम आयुष्यभर का झिजवायचं, असं त्यांचं म्हणणं. सोबत तोंडी अहवाल असायचा. "काठ जड आहे, निऱ्या पाचच घाल." "पदर सुटा सोड, पिन लावलीस तर रडेल." बायका हा अहवाल डॉक्टरचं ऐकावं तसा ऐकायच्या.

मला त्यांनी पाचवीतच सांगून ठेवलं होतं, "तुझ्या पहिल्या रेशमी साडीची घडी मी मोडणार. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही." मी मान डोलावली होती. अकरा वर्षांच्या मुलीला रेशमी साडी म्हणजे अमेरिकाच.

बाईंचे यजमान अगदी गरीब माणूस. फोर्टात कुठल्याशा कचेरीत होते, निवृत्त झाल्यावर दिवसभर पेपर वाचत. त्यांचा एकच अपराध होता. शब्दकोडं सोडवायला सोपं पडावं म्हणून ते पेपर उलटा दुमडत, आतलं पान बाहेर. बाई तो पेपर पुन्हा उलगडून नीट घडी घालत आणि मग आमच्याकडे पाठवत. त्यावरून रोज एकदा तरी वर आवाज चढायचा, आणि खाली आम्हाला तो सकाळच्या बातम्यांसारखा ऐकू यायचा. ते एका हिवाळ्यात झोपेतच गेले. पंधरा दिवसांनी वरून पेपर यायला लागले. सगळे उलटे दुमडलेले, शब्दकोडं बाहेर, आणि कोडं रिकामं. मला वाटलं बाईंचं लक्ष नाही. मग एकदा वर गेले तेव्हा बघितलं, वाचून झालेला सरळ पेपर त्या मुद्दाम उलगडून तसा दुमडत होत्या.

बाई बदलल्या नव्हत्या. टिकली होती तशीच होती, बांगड्या होत्या तशाच, शाळा चालू. बदलली ती चाळ. कोणी काही बोललं नाही, एक अवाक्षर नाही. फक्त नव्या साड्या तिसऱ्या मजल्यावर जायच्या बंद झाल्या. आधी वाटलं वर्षभराचा दुखवटा म्हणून. वर्ष उलटलं. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी साडी घेतली आणि घडी मोडायला कोपऱ्यातल्या खोलीतल्या नव्या सुनेला दिली. त्या सुनेने ती चार मिनिटं अंगाला लावली आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली. बाई गॅलरीतून जात होत्या. त्यांनी बघितलं आणि त्या जिना चढून गेल्या.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. साखरपुड्यासाठी आईने साडी घेतली. माझी पहिली रेशमी, जांभळी, हिरव्या काठाची. साडी घरात आली त्या संध्याकाळी मी आईकडे बघितलं आणि आईने कपाट उघडायला घेतलं.

"मामी रविवारी डोंबिवलीहून येतेय," ती कपाटात तोंड घालून म्हणाली. "ती मोडेल घडी."

"बाई?"

"अगं, त्यांनाच कसंतरी होईल. त्यांना कशाला अवघडवायचं? आपण आपलं त्यांचा विचार करून वागायचं."

मी काही बोलले नाही. आईचं मला पटलं होतं असं नाही. पण भांडण नको होतं, लग्न तोंडावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मलाही वाटून गेलं की उगाच कशाला. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. शिकलीसवरलेली मुलगी, कॉलेजात चर्चासत्रात तोंड चालवणारी. मामीने रविवारी साडी नेसली, आरशात बघितलं, परत दिली.

साखरपुडा चाळीतच होता, आमच्या दोन खोल्या आणि समोरची गॅलरी. बाई आल्या. पेढ्यांचा डबा आणला होता, घरी केलेले पेढे. मला जवळ घेतलं. मग नेहमीप्रमाणे त्यांचा हात साडीवर गेला. पदर चिमटीत धरला, सोडला, आणि निऱ्यांवरून बोटं फिरवली. आमची मामी डावखुरी आहे, सगळ्या चाळीला ठाऊक होतं, ती डाव्या हाताने वाढायची म्हणून पंक्तीत कुजबुज व्हायची. तिच्या निऱ्या उलट्या अंगाने पडतात. माझ्या निऱ्यांच्या मधे मधे तिच्या निऱ्यांच्या पुसट रेघा राहिल्या होत्या. दुसऱ्या कोणाला दिसल्या नसत्या.

"मोडलेली आहे," बाई म्हणाल्या. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं. "डाव्या हाताची आहे."

मी गॅलरीत बघायला लागले. गॅलरीत काहीही नव्हतं, चपलांचा ढीग होता.

"छान पोत आहे," त्या म्हणाल्या. एक निरी सरळ केली, पेढा घेतला, आईला "उत्तम झालं हो सगळं" म्हणाल्या आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घेऊन आल्याच. "जरा कोपरा काप गं." आईने कापला. त्या विषयावर आमच्या घरात आणि त्यांच्या घरात पुढे कोणी एक शब्द काढला नाही. दसऱ्याच्या आधी बाई चाळीतल्या सगळ्यांच्या रेशमी साड्यांच्या घड्या उलट्या करून द्यायच्या, तेवढं मात्र त्या वर्षापासून थांबलं.

मी लग्न करून दादरला आले. दर रविवारी आईकडे जायचे, बाईंना वर जाऊन भेटायचे, माझी खोकी दाखवायचे. त्या खोकं उलगडून सपाट करायच्या, चष्मा वर करून बघायच्या, "इथे एक घडी जास्त आहे, भीतीने घातलेली," असं काहीतरी म्हणायच्या. बऱ्याचदा ते खरं असायचं. आमचं छान चाललं होतं, असं मी धरून चालले होते.

मग बाबा गेले. दोन वर्षांनी मामीच्या नातवाचं लग्न ठरलं. आईने मोठ्या हौसेने विचारलं, नव्या सुनेच्या साडीची घडी मी मोडू का, माझा पहिला नातसुनेचा मान. मामी फोनवर थोडी अडखळली. मग म्हणाली, "ताई, तुम्हालाच कसंतरी होईल. तुम्हाला कशाला अवघडवायचं?"

आईने फोन ठेवला. मी समोरच होते. त्याच लग्नासाठी मी आईला साडी आणली होती, राखाडी, बारीक लाल काठाची, ती तिच्या मांडीवर खोक्यातच होती. आई बराच वेळ त्या खोक्यावर हात फिरवत राहिली.

"हेच वाक्य मी बोलले होते ना गं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"आणि मला वाटत होतं मी किती समजूतदार."

दुसऱ्या दिवशी तिने गुडघ्याला पट्टा बांधला आणि कठड्याला धरून एकेक पायरी करत तिसरा मजला चढली. मी मागे होते. बाईंनी दार उघडलं. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तरच्या असतील. आईने खोकं पुढे केलं.

बाईंनी झाकण काढलं, आत बघितलं. "दुकानाचीच घडी आहे. कोणी हात लावलेला नाही."

"नाही, बाई. तुम्ही मोडाल का?"

"दे इकडे," बाई म्हणाल्या. "आणि बस आधी. गुडघ्याचं काय करून घेतलंयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी परत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी बातमी आणली की बाई राखाडी साडी नेसून ठाकूरद्वारच्या नाक्यावर केळी घेत होत्या. सहाव्या दिवशी त्या चौपाटीवर दिसल्या. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा आईने मला वर पिटाळलं.

बाई तीच साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. पदरावर हळदीचा डाग पडला होता.

"आईला सांग, ही मी ठेवून घेतली."

"बाई, तिला परवा लग्नाला नेसायची आहे."

"दुसरी नेसू दे. आयुष्यभर लोकांच्या नव्या साड्या एकेक दिवस नेसले. ही मला आवडली."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. खूप दिवसांनी त्या अशा हसल्या. त्या हसण्याचा आधार घेऊन मी इतक्या वर्षांचं अडकलेलं बोलून टाकलं. "बाई, तेव्हा माझ्या साडीच्या वेळेला आईचं चुकलंच."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"आईचं काय घेऊन बसलीस? तिला तिच्या घरात जे शिकवलं तसं ती वागली. मी त्याच दिवशी ते सोडून दिलं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला मी शिकवलं होतं."

मग त्यांनी चहा घेणार का विचारलं. मी घेतला. निघताना मला माफ करा म्हणायचं होतं, पण ते त्यांच्यासमोर एखाद्या साच्यातून काढल्यासारखं वाटलं असतं.

खाली आई दारातच उभी होती. "दिली का?"

"ठेवून घेतली त्यांनी."

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "ठेवली? खरंच ठेवली?" मग उठून तिने सगळ्या मजल्याला सांगितलं, जणू तिला कुठलं बक्षीस लागलं होतं. लग्नाला ती जुनीच साडी नेसून गेली आणि तिथेही विचारणाऱ्या प्रत्येकीला अभिमानाने सांगत सुटली की नवी होती, पण ती आमच्या बाईंनी ठेवून घेतली.

त्यानंतर मी घेतलेली प्रत्येक साडी आधी बाईंकडे गेली. दादरहून गिरगावला, खास. सुती घेतली, टसर घेतली, एकदा मुद्दाम त्यांच्या आवडीचा मोरपंखी रंग घेतला. बाई साडी नेसायच्या, दिवसभर वावरायच्या, काठ कसा आहे, निऱ्या किती घालायच्या ते सांगायच्या. आवडली का, असं मी विचारायचे. "छान आहे, तुला शोभेल," त्या म्हणायच्या. त्या प्रेमाने म्हणायच्या, त्यात खोट नव्हती. मी मात्र दर वेळी मनातल्या मनात वाट बघत राहायचे की ही तरी त्यांनी ठेवून घ्यावी.

शेवटची साडी त्यांनी जायच्या महिनाभर आधी नेसली. तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. सोबतीला आलेल्या भाचीला धरून त्यांनी ती अंगाला लावली आणि पलंगावर बसून संध्याकाळपर्यंत काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या रेषेवर घडी घालून, ती परत आली.